टीव्हीचे रीड-पिक

आधीच सांगून टाकतो. बत्तीस इंची टीव्ही 'फुल एचडी' घेणे म्हणजे गोधडीला आतून पैठणीचे अस्तर लावणे. ते असते, पैसेही त्याचे पडतात, फक्त कुणाला दिसत नाही. हे वाक्य मी जावईबापूंच्या तोंडावर उच्चारले तेव्हा आमच्या हॉलमध्ये भयाण शांतता पसरली. इचलकरंजीत शांतता म्हणजे शेजारच्या शेडमधले चोवीस माग वगळून जी उरते ती.

जावईबापू पुण्याला कॉम्प्युटरात आहेत. ते सासुरवाडीला येतात ते पाहुणचारासाठी नव्हे, तपासणीसाठी. गेल्या दिवाळीत त्यांनी गीझर नापास केला होता. यंदा टीव्हीची पाळी आली, आणि त्याला निमित्त झाली आमची आई. आई चौऱ्याऐंशीची. कॉटवर बसून संध्याकाळी ओळीने चार मालिका बघते आणि चारही घरांतल्या सुनांना एकाच दमात शिव्या घालते. ती सहज म्हणून गेली, "चित्र हल्ली धुरकट येतंय रं. समदं धुक्यातनं बघितल्यागत दिसतंय."

जावईबापूंनी टीव्हीच्या मागे डोके घातले, तिथला कागद वाचला आणि पेशंटच्या नातेवाइकाला बाजूला घेऊन डॉक्टर बोलतात त्या आवाजात म्हणाले, "मामा, हा नुसता एचडी रेडी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे अजून एचडी नाही. रेडी आहे."

आमच्या गल्लीत लग्नाला रेडी असलेली मुले पाच-पाच वर्षे रेडीच आहेत, त्यामुळे मुद्दा मला चटकन कळला. (वास्तविक 720 ओळींपासून पुढच्या चित्राला एचडीच म्हणतात, आणि आमच्या पडद्यावर 768 ओळी आहेत. पण हे मला नंतर कळले. जावयाशी वाद घालताना सगळी शस्त्रे नंतरच सापडतात.) त्यांचे म्हणणे असे, की तातडीने फुल एचडी आणावा, जमल्यास फोर-के. मात्र आकार बत्तीसच हवा, कारण सुताराने आमच्या शोकेसला जे भोक ठेवले आहे त्यात तेहेतिसावा इंच मावत नाही. दोन टीव्हींच्या किमतीत फरक साडेचार हजारांचा. सौ. लगेच म्हणाली, "अहो, आईंसाठी एवढंसुद्धा नाही का?" झाले! मी एका वाक्यात कंजूषही ठरलो आणि कुपुत्रही.

आता माझी लायकी सांगतो. अडतीस वर्षे मी एका व्यापाऱ्याच्या पेढीवर कोरे कापड तपासले. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हे गाव एका इंचात किती धागे बसतात या एकाच प्रश्नावर जगते आहे. उभ्या धाग्यांचे ते रीड आणि आडव्यांचे ते पिक. खिशात घडीचे छोटे पिक-ग्लास असते. ते कापडावर उभे करायचे, भिंगातून बघायचे आणि सुईच्या टोकाने धागे मोजायचे. कामगाराची मजुरीसुद्धा आमच्याकडे 52 पिकाच्या कापडाला मीटरमागे इतके पैसे अशी बांधतात. पिक वाढले की सूत वाढते, वेळ वाढतो, दाम वाढतो. एकेका पिकावरून संप झालेले गाव आहे हे! आणि अशा गावातल्या माणसाला पुण्याहून येऊन कुणी 'जास्त ठिपके म्हणजे जास्त चांगले' असे सांगावे?

मी कपाटातले जुने पिक-ग्लास काढले आणि टीव्हीच्या काचेला लावले. सौ.ने कपाळाला हात लावला. एका इंचात ठिपके भरले एकोणपन्नास. प्रत्येक ठिपक्यात तांबडी, हिरवी, निळी अशी तीन पट्टुकली. मग शेजारच्या जॉबरकडे गेलो, त्याने नुकताच बत्तीस इंची फुल एचडी घेतला आहे. तिथे भरले एकोणसत्तर. हिशेबही तसाच येतो. बत्तीस इंच हे कर्णाचे माप. आडवी रुंदी साधारण अठ्ठावीस इंच. त्यात एकाचे 1366 ठिपके, दुसऱ्याचे 1920. भाग घालून बघा.

म्हणजे फरक आहे. मी खोटे बोलणार नाही. एकोणपन्नास आणि एकोणसत्तर यांत फरक नाही म्हणणाऱ्याला आमच्या पेढीवर दुसऱ्या दिवशी कुणी उभे केले नसते. पण प्रश्न कापडात किती आहे हा नाही, डोळ्यात किती मावते हा आहे. डोळ्यांच्या दवाखान्यात भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो ना, तो 1862 साली स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरने काढला. सहा मीटरवरून 'सहा-सहा'ची ओळ वाचली की डोळा चांगला. त्या अक्षराची एकेक रेघ डोळ्यात एका अंशाचा साठावा भाग एवढी भरते. हेच माप आमच्या हॉलला लावले. कॉटपासून शोकेसपर्यंत दहा फूट, मीटरपट्टीने मोजून. दहा फुटांवरून चांगल्या डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसायला ते सुमारे 0.9 मिलिमीटरचे हवेत. एचडी रेडीचा ठिपका आहे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, फुल एचडीचा 0.37. म्हणजे जो ठिपका आधीच दिसत नाही तो आणखी बारीक करण्याचे साडेचार हजार! एखाद्याची नजर घारीची असेल, सहा-चारची, तरी त्यालाही दहा फुटांवरून 0.6 पर्यंतच दिसते. आमच्या गावच्या कॅम्ब्रिकमध्ये इंचाला 92 धागे असतात. समोरून येणाऱ्या माणसाच्या सदऱ्याचे धागे दहा फुटांवरून कुणी मोजतो काय?

फुल एचडीचा फायदा घ्यायचा तर सहा फुटांच्या आत सरकायला हवे, आणि पुरता घ्यायचा तर चार फुटांवर बसायला हवे. बत्तीस इंचांत फोर-के घेतला तर दोन फुटांवर. त्या अंतरावरून माणूस टीव्ही बघत नाही, टीव्हीला अष्टगंध लावतो.

दुकानात हे कुणी सांगत नाही. तिथे आपण टीव्हीपुढे दीड फुटावर उभे असतो, पडद्यावर परदेशी पोपटाचे एकेक पीस दिसत असते, आणि विक्रेता म्हणतो, "बघा साहेब, डिटेल!" घरी आल्यावर पोपट नसतो. घरी आमच्या केबलवरचे साधे चॅनेल असते, 576 ओळींचे. त्या ओळी फुल एचडीच्या 1080 ओळींवर ताणून बसवतात. वीस नंबरचे जाडे सूत 92 च्या फणीत ओवले म्हणून कॅम्ब्रिक विणले जात नाही, हे इथले शेंबडे पोरही सांगेल. बरे, तेवढ्याच ओळींवर 1987 साली अख्ख्या गल्लीने आमच्या चौदा इंची कृष्णधवल डब्यावर 'रामायण' पाहिले. चाळीस माणसे, दारात चपलांचा ढीग, टीव्हीला हार. मागच्या रांगेतून "सरका की वो" असे अनेकदा ऐकले, "ओळी वाढवा" असे एकदाही नाही.

एक मात्र कबूल करतो. 2020 साली शाळा बंद होत्या तेव्हा नात आमच्याकडे होती. तिच्या वर्गासाठी लॅपटॉप टीव्हीला जोडला होता आणि ती टेबल ओढून तीन फुटांवर बसायची. तिथे बाईंचे बारीक अक्षर खरोखरच फुटायचे, पोर डोळे बारीक करून वाचायची. टीव्हीचा कॉम्प्युटर करून नाकासमोर ठेवणाऱ्याने फुल एचडी जरूर घ्यावा. माझे भांडण कॉटवरून बघणाऱ्यांच्या वतीने आहे.

जावईबापूंना आकडे पटले नाहीत. "मामा, ही थिअरी झाली," म्हणाले. कॉम्प्युटरातल्या माणसाने हे म्हणावे! मग मी जॉबरचा टीव्ही उचलून आणवला, आमच्याशेजारी मांडला, दोन्हींच्या कंपनीच्या नावांवर कागद चिकटवले आणि दोन पेनड्राइव्हवरून मुलीच्या लग्नाची तीच कॅसेट (आता तिला कॅसेट म्हणत नाहीत, पण मी म्हणतो) एकदम लावली. जावईबापूंना कॉटवर बसवून हुकूम केला, "ओळखा."

त्यांनी बराच वेळ स्वतःलाच घोड्यावर चढताना पाहिले. मग डावीकडे बोट केले. "हा फुल एचडी. शालूचा रंग बघा की!"

डावीकडचा आमचा होता. रंग खुलतो, काळे काळे दिसते, बाजूने पाहिले तरी चित्र पांढरे पडत नाही, या वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या दहा फुटांवरूनही दिसतात. पण त्यांचा आकडा कुणी खोक्यावर मोठ्या अक्षरात छापत नाही. मी विजयी मुद्रेने आईकडे वळलो. "तुला गं कुठला बरा दिसतोय?"

आई म्हणाली, "दोन्हीकडं धुकंच हाय की. आन् आवाज कुठाय ह्येंचा? मागाच्या खटखटीत भटजीचं काय बी ऐकू येईना." मग थोडे थांबून, "त्ये भितीवरचं कॅलेंडर बी हल्ली तसंच दिसतंय."

कॅलेंडरला एचडी कुठून आणणार? आम्ही दोघेही गप्प झालो. तीन आठवडे मी टीव्हीचे ठिपके मोजत होतो, दवाखान्यातल्या तक्त्याचे गणित कागदावर मांडत होतो, आणि त्या तक्त्यापुढे आईला उभे करायचे मला सुचले नव्हते. अडतीस वर्षे लोकांच्या कापडातला तुटका धागा पकडणारा माणूस!

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. उजव्याचे ऑपरेशन लगेच झाले, डावा महिन्याने. जावईबापूंनी रजा काढून दोन्ही वेळा गाडी चालवली आणि वाटेत रिझोल्यूशन हा शब्द काढला नाही, हे मी त्यांच्या खात्यावर जमा धरतो. टीव्ही जुनाच राहिला. या चपट्या टीव्हींचे तोंड पुढे आणि आवाज पाठीमागे, त्यात शेजारी चोवीस माग. म्हणून त्याला तेवढा एक स्पीकर आणून जोडला.

पट्टी निघाल्यावर आई कॉटवर बसली. पहिल्याच मालिकेतल्या थोरल्या सुनेकडे तिने बराच वेळ निरखून पाहिले. "आगं बया," ती म्हणाली, "किती पावडर थापलीया हिनं! इतके दिवस मला वाटायचं, गोरीच हाय."

जावईबापू म्हणतात, फुल एचडीत हे आणखी स्पष्ट दिसले असते. मी मीटरपट्टी शोधतो आहे.