फक्त ‘रिलायबिलिटी’चाच तर आहे!

आधी एक कबुली देऊन टाकतो. गेल्या वर्षी सबमिशनच्या आठवड्यात आपल्या प्रोजेक्ट लॅबचं नेट रात्रभर बंद पडलं होतं, आठवतंय? त्याला उंदीर जबाबदार नव्हता, लाईट जबाबदार नव्हती आणि विनाकारण बोलणी खाल्लेले लॅब असिस्टंट काका तर अजिबात नव्हते. जबाबदार मी होतो.

लॅबच्या कोपऱ्यात खिडकीखाली एक जुना पीसी आहे. लॅबचं सगळं नेटवर्क त्याच्यातून बाहेर जातं आणि होस्टेलवरून प्रोजेक्ट सर्व्हरकडे येणारी वाटही त्याच्यातूनच. त्याच्यावर ओपनबीएसडी नावाची ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम आहे. एका सीनियरने ती बसवली, पास आऊट होताना पासवर्ड माझ्या हातात दिला आणि ‘पॅच टाकत जा रे’ एवढं एकच वाक्य सांगून गेला.

सबमिशनच्या चार दिवस आधी मी पॅचची यादी बघितली. नवीन पॅच एकच होता, कर्नलचा. त्याच्यावर शिक्का होता ‘रिलायबिलिटी फिक्स’. मनात म्हटलं, सिक्युरिटीचा असता तर टाकलाच असता, हा तर फक्त रिलायबिलिटीचा! कर्नलचा म्हणजे रीबूट आलं, रीबूट म्हणजे दहा जणांच्या शिव्या आल्या. सबमिशन झाल्यावर बघू.

तिसऱ्या रात्री साडेअकराला मशीन पॅनिक झालं. ओपनबीएसडीचं कर्नल पॅनिक झालं की मूळ सेटिंगमध्ये ते आपणहून रीबूट होत नाही. डीबगरचा प्रॉम्प्ट दाखवून ते माणसाची वाट बघत उभं राहतं. माणूस (म्हणजे मीच) सकाळी साडेनऊला पोचला, कारण लॅबला कुलूप होतं. एस.ई.च्या एका ग्रुपचा दहा वाजता डेमो होता. त्यांचा ताजा कोड सर्व्हरवर अडकलेला. रात्रभर होस्टेलवर बसून त्यांनी पेन ड्राइव्हवरच्या आठवडाभर जुन्या कोडशी झटापट केली आणि शेवटी तोच अर्धवट डेमो दाखवला. एक्स्टर्नलनी जे विचारायचं ते विचारलंच!

मी टाळलेल्या पॅचमुळे हे वाचलं असतं का? छातीठोकपणे नाही सांगू शकत. कारण घाबरून मी स्क्रीनवरचा पॅनिकचा मजकूर लिहून न घेताच रीबूट मारलं. म्हणजे चुका दोन झाल्या. पण त्यानंतर मी जरा वाचायला लागलो आणि माझं एक ठाम मत झालं, ते मांडण्यासाठी हा लेख: पॅचवरचा शिक्का बघून पॅच टाकायचा की नाही हे ठरवणं, हे इंजिनियरचं लक्षण नव्हे.

आता थोडी ओळख. ओपनबीएसडी हा प्रकल्प थिओ द राट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडीमधून वेगळा होऊन सुरू केला. मुक्काम कॅनडातलं कॅलगरी. आपण सर्व्हरवर लॉगिन करायला जे ओपनएसएसएच वापरतो ते याच मंडळींचं. साधारण दर सहा महिन्यांनी नवीन आवृत्ती निघते आणि पॅच मिळतात ते फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना. म्हणजे एकदा बसवून चार वर्षं विसरून जावं, अशी सोयच नाही. प्रत्येक आवृत्तीसाठी सापडलेल्या चुकांची एक जाहीर यादी असते: ००१, ००२ असे नंबर, तारीख, दोन ओळींत चूक काय होती ते, आणि शिक्का. सिक्युरिटी फिक्स नाहीतर रिलायबिलिटी फिक्स. पूर्वी पॅच टाकायचा म्हणजे सोर्स आणा, बदल लावा, कर्नल कंपाइल करा असा कार्यक्रम असायचा. २०१७ मध्ये ६.१ या आवृत्तीपासून ‘सिसपॅच’ आलं आणि हे काम एका कमांडवर आलं. शेवटचा टाकलेला पॅच उलटवायची सोयही त्यात आहे. म्हणजे ‘वेळ नव्हता’ हे माझं कारण तर अगदीच लंगडं!

हे लोक शिस्तीचे कट्टर. मूळ इन्स्टॉलेशनमध्ये बाहेरून घुसता येईल असं एकही भोक नाही, असं ते वर्षानुवर्षं मिरवत. २००२ मध्ये ओपनएसएसएचमध्ये एक सापडलं आणि त्यांनी शून्याचा आकडा एक केला. एकाचे दोन झाले २००७ मध्ये. ही दुसऱ्या भोकाची गोष्ट प्रत्येक कॉम्प्युटरवाल्याने एकदा तरी ऐकली पाहिजे.

२००७ च्या फेब्रुवारीत कोअर सिक्युरिटी या कंपनीच्या लोकांनी ओपनबीएसडीला कळवलं की आयपीव्ही ६ ची काही विशिष्ट पॅकेट्स पाठवली की कर्नल कोसळतं. नेटवर्कवरून आलेलं पॅकेट कर्नल मेमरीच्या छोट्या छोट्या तुकड्यांत ठेवतं. त्या तुकड्यांना ‘एमबफ’ म्हणतात. आयसीएमपी ६ ची पॅकेट्स हाताळताना या एमबफच्या हिशेबात चूक होती. ओपनबीएसडीने चूक काही दिवसांतच दुरुस्त केली. पण हातात पुरावा होता फक्त क्रॅशचा, म्हणून शिक्का मारला रिलायबिलिटीचा. त्यांच्या दृष्टीने मशीन बंद पडणं वेगळं आणि मशीनमध्ये कोणी घुसणं वेगळं.

कोअरची माणसं मात्र तिथे थांबली नाहीत. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी एक प्रोग्रॅमच करून दाखवला. त्याच चुकीचा फायदा घेऊन बाहेरून पाठवलेला कोड थेट कर्नलमध्ये चालवता येत होता! घुसण्याचा याहून वरचा प्रकार नाही. मग शिक्का बदलला, सिक्युरिटी फिक्स झाला आणि घोषवाक्यातला आकडा दोनवर गेला. आजही तो दोनच आहे, ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायलाच हवी.

आता नीट विचार करा. दुरुस्ती आधीच तयार होती, चूकही जुनीच. बदललं काय? तर त्या चुकीबद्दलचं आपलं ज्ञान. मधल्या त्या थोड्या दिवसांत जगात कुठेतरी माझ्यासारखा एखादा असणारच, ज्याने यादी बघून म्हटलं असेल, ‘फक्त रिलायबिलिटीचाच तर आहे, नंतर बघू.’ बरं, आयपीव्ही ६ मूळ सेटिंगमध्ये चालूच असायचं, त्यामुळे ‘आम्ही ते वापरतच नाही’ म्हणूनही सुटका नव्हती. फायरवॉलमध्ये ते मुद्दाम अडवावं लागत होतं.

म्हणून मी म्हणतो, शिक्का चुकीचं स्वरूप सांगत नाही. आजपर्यंत काय सिद्ध झालंय, तेवढंच सांगतो.

असं का होतं, ते आपल्याला खरं तर एस.ई.लाच शिकवलेलं असतं. सी मध्ये अॅरेच्या बाहेर लिहिलं की काय होतं? बहुतेक वेळा प्रोग्रॅम मरतो. पण मरतो कशामुळे? आपण शेजारच्या मेमरीत भलतंच काहीतरी लिहून ठेवलं म्हणून. तिथे कचरा पडला तर क्रॅश. तिथे कोणी विचारपूर्वक निवडलेले बाइट पडले तर तो हल्ला. चूक एकच, फरक आहे तो लिहिणाऱ्याच्या हेतूचा. होस्टेलच्या दाराची कडी वाऱ्याने आपोआप निघते, तेव्हा आपण वैतागून म्हणतो, ‘रात्रभर दार आपटतं यार.’ ही झाली रिलायबिलिटीची तक्रार. ज्या दिवशी चोराला कळतं की ही कडी धक्क्याने निघते, त्या दिवशी तीच सिक्युरिटीची तक्रार होते. कडी तीच की! (अर्थात सगळ्याच क्रॅशमधून घुसता येतं असं नाही. पण कोणत्या क्रॅशमधून येतं ते आधी कळत नाही, गोची तीच आहे.)

याची उलटी बाजूही आहे आणि ती मला जास्त आवडते. २००१ मध्ये ओपनबीएसडीच्या लोकांनी लॉग लिहिणाऱ्या ‘सिसलॉग’ या फंक्शनची एक वेगळी आवृत्ती केली. प्रोग्रॅम चालू असताना मध्येच सिग्नल आला आणि त्या सिग्नलच्या हँडलरमधून लॉग लिहायची वेळ आली, तरी गोंधळ होऊ नये, एवढाच उद्देश. किती रुक्ष काम! असल्या कामाला ना टाळ्या मिळतात ना पेपरात नाव येतं. पुढे २०२४ च्या जुलैमध्ये ओपनएसएसएचमधली एक मोठी चूक जाहीर झाली, ‘रिग्रेशएसएसएच’ या नावाने. ही चूक २००६ मध्ये एकदा दुरुस्त झाली होती. २०२० मध्ये कोडची फिरवाफिरव करताना ती नकळत परत आली. लिनक्सवर तिच्यातून थेट रूट मिळवता येतं, असं शोधणाऱ्यांनी दाखवून दिलं. जगभर धावपळ झाली, पण ओपनबीएसडी त्यातून सुटलं. कारण? त्या हँडलरमध्ये तिथे २००१ मधलं ते रुक्ष फंक्शन होतं. रिलायबिलिटीसाठी केलेलं काम तेवीस वर्षांनी सिक्युरिटी म्हणून उपयोगी पडलं. याला म्हणतात पेरलेलं उगवणं!

आता दुसरी बाजू. आमचे एक सर नेहमी म्हणतात, ‘चालत्या गाडीला खीळ घालू नका.’ चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण पॅचनेही घर बुडतं. डेबियनचं उदाहरण प्रसिद्ध आहे. २००६ मध्ये त्यांच्या ओपनएसएसएल पॅकेजमधल्या दोन ओळी काढल्या गेल्या, कारण मेमरी तपासणारं टूल त्यांच्याबद्दल तक्रार करत होतं. तक्रार गेली, पण त्याबरोबर यादृच्छिक आकडे तयार करण्यातला जीवच गेला. उरला फक्त प्रोसेस आयडी, म्हणजे फार फार तर ३२,७६८ शक्यता! हे उघडकीला आलं २००८ च्या मे महिन्यात. तोपर्यंत डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या असंख्य किल्ल्या बाद करून नव्याने कराव्या लागल्या.

मग पॅच टाकूच नये का? माझं उत्तर असं, की डेबियनची ती चूकसुद्धा शेवटी पॅच टाकूनच दुरुस्त झाली. तो पॅच ‘चालतंय ना’ म्हणून ज्यांनी टाळला असेल, त्यांचं दार उघडंच राहिलं. त्या प्रकरणातून शिकायचं ते हे, की पॅच वाचून, बॅकअप घेऊन टाकावा आणि उलटवायची तयारी ठेवावी. ओपन सोर्सचा फायदाच तो आहे, की बदल काय केलाय ते डोळ्यांनी बघता येतं. ओपनबीएसडीचे बरेच पॅच मी आता वाचतो. पुष्कळदा बदल दहा-वीस ओळींचा असतो. सगळं कळतं असं नाही, पण निम्मं तरी कळतं. डेटा स्ट्रक्चर्सचा पेपर सुटेल इतकं तर नक्कीच!

लिनस टॉरवल्ड्स यांनीही २००८ मध्ये अशीच भूमिका घेतली होती, की सिक्युरिटीच्या चुका या शेवटी साध्या चुकाच आहेत, त्यांना वेगळं सिंहासन देऊ नका. त्यावर पुष्कळ वाद झाला. ज्यांच्याकडे शेकडो सर्व्हर आहेत त्यांना आधी कोणता आणि मग कोणता हे ठरवावंच लागतं, आणि त्यासाठी शिक्का उपयोगी पडतो, हे मला मान्य आहे. शिक्क्याने क्रम ठरवा. पण माझ्याकडे एकच मशीन होतं आणि एकच पॅच. मी क्रम ठरवला नव्हता, आळस केला होता आणि त्याला शिक्क्याचं कारण दिलं होतं.

तेव्हापासून त्या पीसीशेजारी एक शंभर पानी वही ठेवली आहे. दर शनिवारी दुपारी यादी बघायची, जो असेल तो पॅच टाकायचा, गरज असेल तर रीबूट करायचं आणि वहीत तारीख, नंबर, सही. आणि पॅनिक आलं तर आधी स्क्रीन वहीत उतरवायची, मग रीबूट. पुढच्या वर्षी मी नसेन. वही आणि पासवर्ड घ्यायला एस.ई.चं कोणी पुढे येणार असेल तर शनिवारी लॅबमध्ये भेटा. (डेमो बुडालेल्या त्या ग्रुपमधली एकजण आधीच यायला लागली आहे. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, ‘मागच्या वेळचा मजकूर का नाही लिहून घेतला?’ मी गप्प.)

आणि ज्यांचा त्या पीसीशी काडीचा संबंध नाही, त्यांच्यासाठी एवढंच. व्हायव्हाला आपण सगळे एक वाक्य म्हणतो: ‘सर, कधी कधी क्रॅश होतो, पण दुसऱ्यांदा रन केला की चालतो.’ यावर्षी ते वाक्य म्हणायच्या आधी एकदा थांबा, आणि पहिल्यांदा तो का मेला ते शोधा.

बघा, पटतंय का!