फुकटच्या खेळाचा मांजा

संक्रांतीला नागपुरात गच्च्यागच्च्यांवरून ‘ओ काट’चा गजर चालतो आणि खाली दुचाकीवाले गळ्याला दुपट्टा गुंडाळून जीव मुठीत धरून जातात. नायलॉन मांजाने या शहरात गळे चिरले, माणसे गेली. हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली; उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पण पतंगच बंद करा, असे कोणी म्हटले नाही. मोबाइलवरच्या गोळीबाराच्या खेळाचे नाव काढले, की मात्र आपण थेट बंदीवरच येतो.

बीजीएमआय, म्हणजे पबजीची भारतीय आवृत्ती, घ्या. शंभर खेळाडू विमानातून बेटावर उतरतात, बंदुका शोधतात, आकसत जाणाऱ्या वर्तुळात एकमेकांना टिपतात. डाउनलोड फुकट.

पहिला आक्षेप हिंसेचा. २०१९ मध्ये राजकोटला पबजी खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना अटकही झाली होती. आपल्या आवृत्तीत रक्त हिरवे उडते, हा कंपनीछाप बचाव मला हास्यास्पद वाटतो. खरे उत्तर वेगळे आहे. भाच्याने आग्रहाने बसवले तेव्हा मी अर्ध्या तासातला बहुतेक वेळ गवतात पालथा पडून होतो. कानात ओरडा : ‘मामा, झोपा ना खाली, दिसून राहिले तुम्ही!’ क्रूर होण्याइतकी सवडच मिळाली नाही. आणि २०२० मध्ये पबजीवर बंदी आली तीही नीतीसाठी नव्हे, देशाची सुरक्षा आणि माहितीची चोरी या कारणांसाठी. २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय होऊन आला, २०२२ मध्ये गेला, २०२३ मध्ये परतला. दर वेळी पोट्टे दुसऱ्या खेळावर सरकले.

दुसरा आक्षेप : मैदानावर जा. जरूर, पण मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत? बसून खेळणेच वाया म्हणाल, तर २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकणाऱ्या आपल्या दिव्या देशमुखचे स्वागत कशासाठी केले?

वेळेचा आक्षेप मात्र मी खोडू शकत नाही. ‘एकच शेवटची’ म्हणत रात्रीचे दोन वाजतात. अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. बापाच्या नावाचे खाते उघडले की तीही संपली.

तरीही हा खेळ खेळण्याजोगा आहे. चौघांच्या तुकडीत एक कामठीत, एक वाडीत, एक नोकरीसाठी हिंजवडीला गेलेला. एक जण ‘नॉक’ झाला, की दुसरा गोळ्या चुकवत त्याला उठवायला धावतो. नाही गेला, तर दुसऱ्या दिवशी टपरीवर त्याचा उद्धार ठरलेला. महागड्या फोनवर चित्र सुरळीत चालते, ही विषमता आहेच. पण नेम दुकानात मिळत नाही.

दुकानात मिळतात कपडे, आणि मांजा तिथे आहे. रुपये मोडून ‘यूसी’ घ्यायचे, यूसी देऊन पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब. हवा तो पोशाख निघेपर्यंत पेटीमागून पेटी. आठवडी बाजारातल्या चक्रीवर हेच चालायचे, तिथून पोलीस तरी हाकलायचे. २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांना बंदी करतो. पेटीतून निघतो तो अंगरखा, रोकड नव्हे. आणि ‘फुकट’ शब्दाची किंमत पाहायची तर एवढेच पाहा : २०२१ मध्ये बीजीएमआय आला, तेव्हा अल्पवयीन मुलाच्या खर्चाला कंपनीने घातलेली मर्यादा दिवसाला ७,००० रुपये होती. दिवसाला! हा आकडा ठरवणाऱ्यांनी कोणाचे घर डोळ्यांसमोर ठेवले होते, देव जाणे.

तेव्हा पोरांनो, खेळा. ओळखीच्या चौघांतच खेळा. आणि आईबापहो, फोन हिसकावून घेण्याआधी त्यातले तुमचे यूपीआय आजच काढून टाका.