ऐकणारांची मैफल

गायनाच्या गोष्टी निघाल्या म्हणजे "तुम्हीं ऐकलेलें सर्वांत उत्तम गाणें कोणतें?" हा प्रश्न कोणीतरी विचारतोच, आणि उत्तरादाखल बहुधा एखाद्या गवयाचें नांव येतें. कोणी पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवांतील एखादी रात्र सांगतो. पंडित भीमसेन जोशी ह्यांनीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ सालीं तो सुरू केला आणि रात्रभर जागून ऐकणारांच्या पिढ्या त्यानें घडविल्या. आमचें उत्तर थोडें निराळें आहे. आम्हांस आठवते ती खुलताबादची कव्वाली. आणि गाणारांचीं नांवें विचारण्याचें त्या रात्रीं आम्हांस सुचलेंही नाहीं. ती मैफल मोठी झाली ती ऐकणारांमुळें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

खुलताबाद हें छत्रपती संभाजीनगरापासून सुमारें २५ किलोमीटरांवर, वेरूळच्या लेण्यांच्या माथ्यावरील पठारावर वसलेलें लहानसें गांव. २०२५ च्या मार्च महिन्यांत त्याचें नांव वृत्तपत्रांत रोज झळकत होतें, परंतु तें एका कबरीच्या वादामुळें. गाण्याशीं ह्या भूमीचें नातें त्या कबरीहून पुष्कळ जुनें आहे, हें आमच्या विद्यार्थिमित्रांस ठाऊक असावें. घाट उतरून गेलें कीं देवगिरीचा किल्ला लागतो. तेथील यादव राजा सिंघण ह्याच्या आश्रयानें तेराव्या शतकांत शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' लिहिला व त्यांत गायकाचे गुण व दोष मोजून दिले. पुढें शंभरएक वर्षांनीं महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानी देवगिरीस आणिली, त्या सुमारास निजामुद्दीन अवलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब इकडे आले. १३३७ सालीं ते वारले; त्यांची समाधि खुलताबादेंत आहे. गाणें ऐकण्याची त्यांस इतकी आवड होती, कीं ऐकतां ऐकतां तल्लीन होऊन डोलण्याची त्यांच्या मंडळींची जी रीत पडली, तिला त्यांच्याच नांवावरून 'बुऱ्हानी' म्हणूं लागले. गवयाच्या नांवानें घराणें चालतें हें आपण नित्य ऐकतों. ऐकणाराच्या नांवानें रीत चालावी, ही गोष्ट विरळाच.

कांहीं वर्षांपूर्वीं शेख मुंतजबुद्दीन, ज्यांस लोक जर जरी जर बक्ष म्हणतात, त्यांच्या उरुसांत आम्ही एका रात्रीं कव्वालीस बसलों होतों. बाहेर जत्रेचा गोंगाट होता, पाळणे फिरत होते, मिठाईच्या दुकानांवर झुंबड होती. आंत मात्र दोन पेट्या, एक ढोलक आणि सातआठ माणसांच्या टाळ्या, एवढाच सरंजाम. कव्वाल समाधीकडे तोंड करून बसले होते व श्रोते दोहों बाजूंस. हें प्रथम चमत्कारिक वाटलें. गाणारा आपणांकडे पाहत नाहीं, तेव्हां त्याची मुद्रा पाहण्यांत वेळ जात नाहीं. कानांसच सर्व काम करावें लागतें. नजराणा द्यावयाचा तोही गवयाच्या अंगावर उधळावयाचा नाहीं. उठून मैफलीच्या वडीलधाऱ्यापुढें आदरानें ठेवावयाचा.

आरंभ ईश्वरस्तुतीनें झाला. मग फारशी ओळी सुरू झाल्या आणि आमची पंचाईत झाली. शेजारीं एक वृद्ध गृहस्थ मांडी घालून बसले होते, त्यांस आम्हीं हळूच विचारिलें, "चाचा, ह्या ओळीचा अर्थ काय हो?" ते मराठींतच म्हणाले, "मास्तर, आधीं ऐका. अर्थ मागून सांगतों." थोड्याच वेळानें त्याच ओळीनें त्यांस असें कांहीं गांठलें, कीं ते थरथरत उभे राहिले. ते उठतांच सारी सभा उठली, आम्हीही उठलों. मुख्य कव्वालानें ती ओळ सोडली नाहीं. पुढें सुंदर शब्द असतील, नवी तान सुचली असेल, परंतु तो तेथेंच थांबला आणि तीच ओळ पुनःपुन्हां, कधीं वरच्या सुरांत तर कधीं अगदीं कुजबुजल्यासारखी, तो गात राहिला. वृद्ध शांत होऊन खालीं बसेपर्यंत पुढें जावयाचें नाहीं, हा ह्या मैफलींचा नियम आहे. त्यामागें एक मोठी आठवण आहे : ख्वाजा कुत्बुद्दीन बख्तियार काकी ह्यांचा देह १२३५ सालीं दिल्लीस अशीच एक ओळ ऐकतां ऐकतां पडला, असें परंपरा सांगते.

सूफी मंडळींत ह्या ऐकण्यास 'समा' म्हणतात, आणि समा ह्या शब्दाचा मूळ अर्थच मुळीं 'ऐकणें' असा आहे. बगदादच्या जुनैदांच्या नांवावर चालत आलेला नियम असा कीं, समाला काळ, स्थळ आणि सोबती हीं तिन्ही योग्य असावींत. तीन अटी, आणि त्यांत गळ्याचा उल्लेख नाहीं! आमचे संगीतज्ञ मित्र ह्यावर नाक मुरडतील. बेसुऱ्या गाण्यानें कोणाचें चित्त लागेल, असें ते विचारतील. त्यांचें म्हणणें खरें आहे. त्या रात्रीचा कव्वाल सुरेल होता. परंतु तोच गवई, तीच ओळ, तीच पेटी एखाद्या सभागृहांत घड्याळ लावून बसविली असती, तर ओळ दोनदां म्हणून तो पुढें गेला असता आणि आम्हीं टाळ्या वाजवून घर गांठलें असतें.

त्याच गांवांत, शेख जैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारांत, औरंगजेबाची उघडी कबर आहे. १७०७ सालीं नगर येथें वारलेल्या बादशहाचा देह येथें आणून पुरला. त्यानें गाण्यावर बंदी घातली, गवयांनीं गाण्याची प्रेतयात्रा काढली, आणि 'तें इतकें खोल पुरा कीं पुन्हां आवाज येऊं नये' असें तो म्हणाला, ही कथा मनुची व खाफीखान ह्या दोघांनींही सांगितली आहे. परंतु कॅथरिन बटलर ब्राउन ह्या विदुषींनीं २००७ सालीं दाखवून दिलें, कीं त्या कारकीर्दींत संगीतावर फारशी ग्रंथ लिहिले जात होते, आणि बादशहानें सोडलें तें मुख्यतः स्वतःचें ऐकणें. आम्हांस हें पटतें. गाणें पुरलें गेलें नाहीं. एक श्रोता मैफलींतून उठून गेला.

आज श्रोता उठून जात नाहीं. तो हात उंच करून मोबाइल धरितो. त्या रात्रींही असे दहाबारा हात वर होते, आणि वृद्ध उभे राहिले तेव्हां त्या हातांचे मालक उभे राहण्याऐवजीं चौकट सांवरीत होते. ध्वनिमुद्रणाचा आम्हांस तिटकारा नाहीं. १९०२ सालीं गौहरजानबाईंनीं तबकड्यांसाठीं गाइलें नसतें, तर त्यांचा आवाज आज कोणाच्या कानीं पडता? परंतु मुद्रण करणें हें एकाचें काम आहे. तें शंभरांनीं केलें तर ऐकावयाचें कोणी?

म्हणून स्नेहसंमेलनाच्या चालकांस आमची एक विनंति आहे. ह्या वर्षीं गायनाची एक बैठक रंगमंचावर न ठेवतां चित्रकलेच्या वर्गांत जमिनीवर ठेवावी. मोबाइल कार्यालयांत जमा करावे. मुद्रणाचें यंत्र एकच असावें, तेंही कोपऱ्यांत. निवेदन नको, बक्षीस नको, आणि गाणाऱ्या मुलास एखादी ओळ दहा वेळां म्हणावीशी वाटली तर घंटा वाजवूं नये. तीसच मुलें आलीं तरी चालतील. शिपाईमामांशीं आमचें बोलणें झालें आहे. सतरंज्या ते सकाळींच झटकून ठेवणार आहेत.