बाजूचे दार आणि मागचे दार

१२ मार्च २०१९ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरात सरकारी अभियोक्त्यांनी पन्नास व्यक्तींवर आरोप ठेवले. त्यांपैकी तेहतीस जण पालक होते. त्यांत चित्रपट-दूरचित्रवाणीतील नट्या होत्या, गुंतवणूकसंस्थांचे चालक होते, कायद्याचा व्यवसाय करणारेही होते. येल, स्टॅनफर्ड, जॉर्जटाउन, सदर्न कॅलिफोर्निया अशा नामवंत विद्यापीठांत आपल्या मुलांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी पैसे मोजले, असा हा आरोप होता. या व्यवहाराचा सूत्रधार विल्यम सिंगर हा प्रवेशविषयक सल्लागार होता आणि २०११ ते २०१८ या काळात त्याच्याकडे सुमारे अडीच कोटी डॉलर जमा झाले होते.

व्यवहाराची रीत साधी होती. काही मुलांच्या प्रवेशपरीक्षेच्या उत्तरपत्रिका पर्यवेक्षकाकरवी दुरुस्त करून घेतल्या जात. ते सोयीचे व्हावे म्हणून मुलाला शिकण्यात अडचण आहे असा दाखला मिळवून परीक्षेसाठी जादा वेळ पदरात पाडून घेतला जाई. काही मुलांना खेळाडू म्हणून दाखवले जाई. ज्यांनी कधी वल्हे हाती धरले नव्हते, ती मुले नौकानयनपटू ठरत आणि विद्यापीठाचा प्रशिक्षक पैसे घेऊन त्यांची शिफारस करी. सर्वांत उद्बोधक भाग पुढे आहे. ही लाच सिंगरने स्थापन केलेल्या धर्मादाय संस्थेच्या नावे देणगी म्हणून दिली जाई आणि काही पालक त्या 'दानधर्मा'वर प्राप्तिकरात सवलतही घेत. म्हणजे श्रीमंतांनी दिलेल्या लाचेचा काही भार सरकारी तिजोरीने, पर्यायाने सामान्य करदात्याने उचलला.

सिंगर आपल्या गिऱ्हाइकांना हा धंदा तीन दारांच्या भाषेत समजावून सांगे. मुख्य दार गुणवत्तेचे. मागचे दार विद्यापीठाला कोट्यवधींची देणगी देणाऱ्यांचे, पण तेथे दान देऊनही प्रवेशाची हमी नाही. त्याने उघडलेले बाजूचे दार मागच्या दारापेक्षा स्वस्त आणि हमखास. या वर्गीकरणातच प्रकरणाचे सारे मर्म आहे. कायद्याने बाजूचे दार बंद केले, मागच्या दाराला मात्र हातही लावला नाही. इमारत बांधून देणाऱ्या दात्यांविषयी हा खटला नाही, असे अभियोक्त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकले होते.

पुढे न्यायालयाने हा भेद अधिकच स्पष्ट केला. मे २०२३ मध्ये बॉस्टनच्या अपील न्यायालयाने दोन पालकांवरील प्रमुख दोषसिद्धी रद्द केल्या. पैसे प्रशिक्षकाच्या खिशात न जाता विद्यापीठाच्याच खात्यात गेले असतील, तर विद्यापीठाची प्रामाणिक सेवा विकत घेतली असे म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा एक आधार होता. कायद्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध असेल. परंतु त्याचा सामाजिक अर्थ काय होतो? नोकराने जागा विकली तर गुन्हा, मालकाने विकली तर दान. ज्या गरीब मुलाची जागा गेली, त्याला दोन्हींत फरक तो काय?

शिक्षांचे मापही पाहण्यासारखे आहे. मुलीच्या उत्तरपत्रिकेसाठी पंधरा हजार डॉलर देणाऱ्या फेलिसिटी हफमन या अभिनेत्रीला १४ दिवसांची कैद झाली. दोन मुलींसाठी पाच लाख डॉलर देणाऱ्या लोरी लॉफलिनला दोन महिन्यांची. त्याच देशात २०११ साली ओहायो राज्यातील अॅक्रन शहरात एका कृष्णवर्णीय मातेने मुलींना बऱ्या सरकारी शाळेत घालता यावे म्हणून आपल्या वडिलांचा पत्ता दिला होता. तिला नऊ दिवस तुरुंगात काढावे लागले. पाच लाख डॉलर आणि एक खोटा पत्ता यांच्या शिक्षांत दोन महिन्यांहूनही कमी अंतर, एवढेच तेथील समानतेचे मोल.

मागच्या दारातून किती जण आत येतात, हेही आता लपून राहिलेले नाही. हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात बाहेर आलेल्या आकडेवारीवरून संशोधकांनी दाखवले की प्रवेश मिळालेल्या श्वेतवर्णीय विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी हे खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, अध्यापकांची मुले किंवा देणगीदारांशी संबंधित अशा खास यादीतील होते. याच खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये वंशाचा विचार करून दिले जाणारे प्रवेश घटनाबाह्य ठरवले. माजी विद्यार्थ्यांच्या वारसांचे आणि देणगीदारांचे झुकते माप मात्र त्या निकालानंतरही उभे राहिले. गुलामांच्या वंशजांना मिळणारी सवलत गुणवत्तेला बाधक ठरली आणि धनिकांच्या वंशजांना मिळणारी बाधक ठरली नाही. गुणवत्तेचा जप करणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर कधी दिलेले नाही.

देणगीतूनच गरीब विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या निघतात, असा युक्तिवाद केला जातो. तो वरवर प्रामाणिक वाटतो. परंतु मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारखी अग्रगण्य संस्था वारसाहक्काचा विचार न करता चालते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ही प्रथा मोडली. तेथे २००९ ते २०१९ या दहा वर्षांत माजी विद्यार्थ्यांच्या नातलगांचे प्रमाण साडेबारा टक्क्यांवरून साडेतीन टक्क्यांवर आले, आणि गरिबांसाठीच्या सरकारी अनुदानास पात्र विद्यार्थ्यांचे प्रमाण नऊ टक्क्यांवरून एकोणीस टक्क्यांवर गेले. ते विद्यापीठ बुडाले नाही. कॅलिफोर्निया राज्याने तर २०२४ साली खासगी विद्यापीठांतही ही प्रथा कायद्यानेच निषिद्ध केली.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याने ही परदेशची करमणूक म्हणून वाचून बाजूला ठेवू नये. १९८३ साली येथे विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना दारे उघडण्यात आली आणि 'देणगी' या सात्त्विक शब्दाला नवा अर्थ मिळाला. १९८६ मध्ये कन्येच्या एम.डी. परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना पद सोडावे लागले. गुण वाढले म्हणून मुख्यमंत्री गेला, जागा विकणारी व्यवस्था मात्र शाबूत राहिली. कॅपिटेशन फीला बंदी करणारा १९८७ चा कायदा झाला, १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही फी घटनेतील समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली, आणि २००५ मध्ये त्याच न्यायालयाने अनिवासी भारतीयांसाठी पंधरा टक्क्यांपर्यंत जागांची मुभा दिली. बाजूचे दार लावले, मागचे किलकिले ठेवले. पंजाब सरकारने दूरच्या नातलगांनाही त्या जागांवर हक्क देऊ केला, तेव्हा सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच हा प्रकार फसवणुकीचा आहे असे सुनवावे लागले.

रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, अशी तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडली होती. करसवलतीच्या देणग्या आणि सवलतीच्या जमिनी यांवर उभ्या राहिलेल्या संस्थांना ती तक्रार आजही जशीच्या तशी लागू पडते.

म्हणून केवळ लाचखोर पालकाच्या नावाने बोटे मोडून भागणार नाही. चांगल्या जागा मोजक्या आणि त्यांच्याबाहेरचे शिक्षण निकृष्ट, अशी स्थिती असेपर्यंत सिंगरसारख्यांचे दुकान चालतच राहील. एक दार लावले तर ते दुसरे पाडतील. सार्वजनिक पैशाचा किंवा करसवलतीचा लाभ घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने प्रवेशाची यादी, कोटा आणि शुल्क यांसह जाहीर केली पाहिजे, ही पहिली मागणी. सरकारी महाविद्यालयांतील जागा आणि त्यांचा दर्जा दोन्ही वाढले पाहिजेत, ही दुसरी आणि खरी मागणी. ज्या तालुक्यात खासगी महाविद्यालय आहे, तेथील कार्यकर्त्यांनी या वर्षीच्या प्रवेशांपासूनच ही यादी मागायला सुरुवात करावी. यादी दाखवण्यास जी संस्था नकार देईल, तिचे मागचे दार कोठे आहे हे जनतेला वेगळे सांगावे लागणार नाही.