पडद्यावरचा हिरवा ठिपका

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण घडी मोडून ती उजेडात धरतो. नारळसुद्धा कानाशी हलवल्याशिवाय पिशवीत टाकत नाही. मग हजारो रुपयांचा टीव्ही मात्र न बघता कसा घेतो?

माझं हेच झालं. शाळेतल्या अर्धवेळ नोकरीतून साठवलेल्या पैशांनी दसऱ्याला टीव्ही घेतला. सासूबाई म्हणाल्या, "पाडव्यालाच लावू." लावला, तर काळ्या पडद्यावर मधोमध हिरवा ठिपका! पुसून पुसून हात दुखले. दुकानदार म्हणाला, "ताई, बदलायची मुदत सात दिवसांची, बिलावरच छापलंय." कंपनीचा माणूस म्हणाला, "एक ठिपका वॉरंटीत बसत नाही." आणि आमचे हे? "एवढ्याशा ठिपक्याचं काय घेऊन बसलीस!" पण पैसे माझ्या घामाचे होते ना!

मग खोक्यातला कागद काढून नीट वाचला. फुल एचडी पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार बिंदू असतात. त्यांना पिक्सेल म्हणतात. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपबिंदू. एखादा कायमचा पेटून राहतो, एखादा कायमचा विझतो. आयएसओ ९२४१-३०७ या २००८ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकात पडद्यांचे वर्ग ठरवले आहेत. शून्य वर्गात एकही दोष चालत नाही. दुसऱ्या वर्गात मात्र दर दहा लाख पिक्सेलमागे दोन सतत पेटलेले, दोन सतत काळे आणि पाच सदोष उपबिंदू चालतात. म्हणजे फुल एचडी पडद्यावर माझ्यासारखे दहा ठिपके असले, तरी तो पडदा या मानकात 'चांगला'च! शिवाय हे मानक म्हणजे कायदा नव्हे. कंपनी वॉरंटीच्या कागदात आपला आकडा घालू शकते.

म्हणून घेण्याआधीच विचारा, "किती ठिपके असले तर बदलून देता?" उत्तर लेखी घ्या. टीव्ही आला की मुहूर्त बघत बसू नका. त्याच दिवशी पडदा आधी पांढरा, मग काळा, लाल, हिरवा, निळा करून जवळून पाहा. ठिपका दिसला तर बोटानं दाबू नका. फोटो काढा आणि दुकानात लेखी कळवा.

बिलावर मुदत दिलेली नसेल, तर सदोष वस्तू तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवा.

माझा ठिपका आहे तिथंच आहे. पण परवा शेजारच्या वहिनींबरोबर दुकानात गेले, तेव्हा खोका तिथंच उघडायला लावला. दुकानदारानं कपाळाला आठ्या घातल्या. घालू देत! तांदूळ निवडून घेणाऱ्या आपण, टीव्ही का निवडून घेऊ नये?