नजरेचं माप
साताऱ्याचा राजपथ असो की सांगलीचा मारुती रोड, साठीच्या बाईनं ब्रा मागितली की काउंटरमागचा पुरुष नजरेनंच माप घेतो: ‘काकू, 38 न्या, सैल बरी!’ काकूही खोका न उघडताच पिशवीत टाकतात. पाळी थांबल्यावर स्तनांतल्या ग्रंथी आक्रसतात, ठेवण खाली येते. तिशीतलं माप कसं चालेल? छातीखाली टेप घट्ट धरा, मग उभारावरून सैलसर. 34 आणि 37 आले तर साधारण 34 सी, फरकाच्या दर इंचाला एक कप. भार छातीखालच्या पट्ट्यानं पेलायचा, खांद्यांनी नव्हे. सैल पट्टा पाठीत वर चढतो आणि खांद्यांवर वळ उठतात. (ते वळ आपण वयाच्या खात्यावर टाकतो.) हात मागे पोचत नसेल तर पुढच्या हुकांची मागा. ट्रायल रूम नसेल, तर बदलून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा, जरा मोठ्यानंच.