तारीख आणि बुडालेला रोज

आणीबाणीत झालेल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीविषयी आम्हाला ममत्व असण्याचे कारण नाही. तिच्यातील लोकशाहीविरोधी भाग १९७७ नंतर बहुतांशी काढून टाकावा लागला. परंतु आर्थिक दुर्बलतेमुळे कोणाही नागरिकाला न्यायाची संधी नाकारली जाऊ नये, त्यासाठी राज्याने मोफत कायदेविषयक साहाय्य द्यावे, असे सांगणारे ३९-अ हे कलमही त्याच दुरुस्तीने आले, आणि ते टिकले. त्याला अनुसरून १९८७ साली विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला व नोव्हेंबर १९९५ मध्ये तो अमलात आला. या कायद्याच्या बाराव्या कलमानुसार स्त्री आणि बालक यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची कोणतीही अट नाही. महाराष्ट्र शासनाने तर १९९४ सालीच पोटगी, घटस्फोट, अत्याचार व मालमत्ता यांविषयीच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी माफ केली होती. कागदावर पाहता नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या वाटेत पैशाची अडचण उरू नये, अशीच ही व्यवस्था आहे.

प्रत्यक्षात काय दिसते? २०११ च्या जनगणनेत घटस्फोट न होता वेगळे राहणाऱ्यांची संख्या कायदेशीर घटस्फोट झालेल्यांच्या जवळजवळ तिप्पट होती. विवाह मोडला; पण न्यायालयाच्या पायरीपर्यंत तो पोहोचलाच नाही, असा त्याचा अर्थ. माहेरच्या पडवीत मुलांसह राहणारी, शेतमजुरीला जाणारी, नांदायला कधी जाणार या प्रश्नाला रोज नवे उत्तर शोधणारी ही स्त्री आपल्या प्रत्येक गावात आहे. १९८० च्या दशकात समता आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी संगमनेर परिसरात परित्यक्तांचा प्रश्न हाती घेतला, तेव्हा त्याकडे घरगुती भांडण म्हणूनच पाहणारे आपल्यातही कमी नव्हते. आजही नाहीत.

ती न्यायालयात का जात नाही, याचे अर्थशास्त्र साधे आहे. वकिलाची फी हा दाव्याच्या खर्चाचा एक भाग झाला, आणि सरकार भरते तो तेवढाच. तारखेच्या दिवशी बुडालेला रोज, एस.टी.चे भाडे, बरोबर आलेल्या भावाचाही खाडा, हे सारे तिच्या पदरचे. मोठ्या शहरांत १९८४ च्या कायद्याने स्थापन झालेली कौटुंबिक न्यायालये आहेत. तेथे घटस्फोट, पोटगी आणि मुलाचा ताबा हे प्रश्न एका छताखाली चालतात. जेथे असे न्यायालय नाही तेथे पोटगीचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यापुढे आणि घटस्फोटाचा वा ताब्याचा अर्ज दिवाणी न्यायालयात. म्हणजे दोन दारे आणि दुप्पट तारखा.

दुसऱ्या बाजूला, तहकुबी ही नवऱ्याची मिळकत असते. समजा, महिना चार हजार रुपये पोटगी न्याय्य आहे आणि दावा तीन वर्षे रेंगाळला. आदेशाच्या तारखेपासूनच पोटगी देण्याचा निर्णय झाला, तर नवऱ्याने एक लाख चव्वेचाळीस हजार रुपये केवळ वेळ काढून वाचवले. ते बायकोच्या आणि मुलांच्या ताटातून गेले. नागपूरहून गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ही पळवाट बुजवली. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही पक्षांनी मिळकतीचे व देण्यांचे तपशीलवार प्रतिज्ञापत्र दाखल करावे, असे त्या निकालाने ठरवून दिले. जमीन वडिलांच्या नावावर दाखवून स्वतः बेकार असल्याचे सांगणाऱ्याला या प्रतिज्ञापत्रात निदान खोटे तरी लिहून द्यावे लागते.

हे कार्यकर्त्याने नीट समजून घेतले पाहिजे, कारण अर्ज जितका लांबेल तितके नुकसान वाढते. पूर्वीचे फौजदारी संहितेचे कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झाले आहे. हक्क तोच आहे. स्त्री राहते त्या ठिकाणीच अर्ज करता येतो. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, असे कायदा सांगतो. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही हा मार्ग मोकळा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. १९८५ च्या शहाबानो निकालानंतर झालेली माघार ज्यांना आठवते त्यांना याचे मोल कळेल. आणि एक बारीक पण घातक तरतूद : थकलेली पोटगी वसूल करण्याचा अर्ज ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. हुकूम हाती असूनही ही मुदत टळल्यामुळे बाईची रक्कम बुडू शकते, आणि ते सांगायला कोणी जवळ नसते.

मुलांच्या बाबतीत तर सौदाच चालतो. ‘मूल हवे असेल तर पोटगी सोड’, अशी अट घालून परस्परसंमतीच्या कागदावर सही घेतली जाते. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असे १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा सांगतो, आणि कोणत्याही वयाच्या मुलाच्या ताब्यात त्याचे हित हीच कसोटी आहे. आईने स्वतःचा हक्क सोडला तरी मुलाचा पोषणाचा हक्क तिने सोडून सुटत नाही. तो त्याचा आहे.

आपल्या कार्यालयात अशी स्त्री आली की दोन्हीकडच्या चार माणसांना बोलावून समेट घडवण्याची हौस आपल्या कार्यकर्त्यांना फार. हेतू चांगलाच असतो. परंतु तोंडी समेटात तिला सासरी धाडले, सहा महिन्यांनी ती परत आली, तर मधल्या काळाची पोटगी नाही आणि पुरावाही नाही. समेट करायचा तर अर्ज दाखल करून न्यायालयासमोर करावा. तालुका विधी सेवा समितीचे कार्यालय तालुक्याच्या न्यायालयातच असते. तिच्यासोबत तेथे जाणे, साध्या कागदावर अर्ज लिहून देणे, नेमलेला वकील तारखेला हजर राहतो की नाही हे पाहणे, राहत नसल्यास वकील बदलून मागणे, ही कामे मोर्चाइतकी नजरेत भरत नाहीत. पण ती करायला माणूस लागतो.

शासनाकडे मात्र आमची एक स्पष्ट मागणी आहे. फौजदारी खटल्यांतील आरोपींसाठी २०२२ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने पूर्णवेळ पगारी बचाव वकिलांची योजना सुरू केली. ती योग्यच आहे. पोटगी आणि ताब्याच्या प्रकरणांत मात्र स्त्रीच्या वाट्याला आपला खासगी व्यवसाय सांभाळून, अल्प मानधनावर काम करणारा पॅनेलवरील वकील येतो. प्रत्येक तालुका न्यायालयात या प्रकरणांसाठी निदान एक पूर्णवेळ पगारी वकील नेमावा, आणि मोफत साहाय्य घेणाऱ्या स्त्रीला तारखेच्या दिवसाचा प्रवासखर्च व किमान वेतनाइतका भत्ता विधी सेवा निधीतून द्यावा.